मधुमेहाचे गणित आणि आपले माप

(लासूर स्टेशन येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संख्याशास्त्र आणि मधुमेह हे दोन्ही विषय एकाच संध्याकाळी ऐकायला आपण एवढ्या संख्येने आलात, याचे पहिले कारण आपल्या प्रत्येकाच्या घरात असावे. मधुमेह नाही असे घर शोधायला आज कष्ट पडतात. पूर्वी हा श्रीमंतांचा, शहरातला, बैठ्या पेढीवरच्या माणसाचा आजार समजला जाई. आता तो शेतावर पोहोचला आहे, हमालाच्या घरी पोहोचला आहे, आणि तिशीतल्या सडपातळ तरुणालाही त्याने गाठले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील १,१३,०४३ व्यक्तींची प्रत्यक्ष तपासणी करून केलेली ही पाहणी आहे. तिच्या अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. शहरी भागात शंभरात १६.४ आणि ग्रामीण भागात ८.९ असे हे प्रमाण आहे. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत, महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के होते.

हे आकडे ‘किती’ ते सांगतात. ‘कोणाला, कशामुळे आणि कोणत्या प्रकारचा’ हे सांगत नाहीत. ते शोधण्याचे जे शास्त्र आहे, ते आपल्याला कुठे घेऊन आले आहे, आणि परक्याच्या मापाने आपला रोग मोजण्यात आपले काय नुकसान झाले, एवढेच मला आज मांडायचे आहे.

प्रकार दोन, ही जुनी जाण

मधुमेह हा एकच रोग नाही, ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींच्या ध्यानात आली होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मतः बीजदोषाने येणारा, आणि दुसरा अपथ्यनिमित्तज, म्हणजे चुकीच्या आहारविहाराने होणारा. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, रुक्ष, कमी खाणारा आणि तहानेने व्याकूळ. दुसरा स्थूल, पुष्कळ खाणारा, बसून व झोपून राहण्याची आवड असलेला. आणि महत्त्वाचे म्हणजे दोघांची चिकित्साही निराळी सांगितली आहे. कृशाचे पोषण करावे, स्थूलाला लंघन व व्यायाम द्यावा. निर्धन रोग्याने शंभर योजने चालावे, विहीर खणावी, असेही सांगितले आहे.

सुश्रुतांना इन्सुलिन ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. तसा दावा करणे हा त्यांचा गौरवही नव्हे. त्यांचा मोठेपणा त्यांच्या निरीक्षणात आहे. समोरचा रोगी कसा दिसतो, कसा खातो, कसा चालतो, हे त्यांनी पाहिले आणि त्यावरून वर्गीकरण केले. आधुनिक संशोधक आज हेच करतो. फरक एवढाच की, त्याच्या हाती हजारो रुग्णांची मापे आहेत आणि ती एकत्र तोलणारे गणित आहे.

गुणांची बेरीज, संभाव्यतेचे गणित

या गणिताचे पहिले रूप आपण एका उदाहरणाने पाहू. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमधील डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘भारतीय मधुमेह जोखीम गुणांक’ प्रसिद्ध केला. चेन्नईतील २३५० लोकांची तपासणी हा त्याचा पाया. वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम, आई-वडिलांचा मधुमेह या साऱ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. वय वाढले की घेर वाढतो, श्रम घटतात. मग दोष नेमका कोणाचा? बाकी सर्व घटक समान धरले तर एकट्या वयाचा वाटा किती, एकट्या घेराचा किती, हे वेगळे काढण्याच्या रीतीला समाश्रयण म्हणतात. रोग आहे किंवा नाही, असे दोनच पर्याय असतात तेव्हा त्याचा जो प्रकार वापरतात, त्याला ‘लॉजिस्टिक’ हे विशेषण लावतात. त्यातून प्रत्येक घटकाचे वजन ठरते.

ती वजने सुटसुटीत करून हा गुणांक बनला. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० वा अधिक असेल तर ३०. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० ते ९९ सेंटिमीटर किंवा स्त्रीचा ८० ते ८९ असेल तर १०, त्याहून अधिक असेल तर २०. बैठे जीवन आणि व्यायाम नाही तर ३०, मध्यम हालचाल असेल तर २०, कष्टाचे काम असेल तर शून्य. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. एकूण शंभर. साठ वा त्याहून अधिक गुण म्हणजे जोखीम मोठी, रक्त तपासून घ्यावे.

आता आपल्याच बाजारपेठेतले एक गृहस्थ कल्पनेने समोर आणा. वय ५२, दिवसभर दुकानाच्या गादीवर बैठक, कमर ९४ सेंटिमीटर, आईला मधुमेह. तीस, तीस, दहा आणि दहा, म्हणजे ऐंशी गुण. सुई नको, प्रयोगशाळा नको. शिंप्याची फीत आणि चार प्रश्न एवढ्यावर त्यांना सांगता येते की, उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासा.

परंतु गणिताचा प्रामाणिकपणा त्याच्या मर्यादा सांगण्यात असतो. साठ गुणांच्या रेषेने त्या अभ्यासातील निदान न झालेल्या शंभर मधुमेहींपैकी सुमारे ७२ ओळखले, २८ निसटले. निरोगी शंभरांपैकी सुमारे ४० जणांना उगीच तपासणीला पाठवले. साठच्या वर गुण मिळालेल्या शंभरांत प्रत्यक्ष मधुमेह निघाला तो १७ जणांत. म्हणून साठ गुण हा रोगाचा दाखला नव्हे, तपासणीचे निमंत्रण आहे. आणि तीस गुण हे अभयपत्र नव्हे.

ते निसटलेले २८ कोण? या गणितात ज्याला कमी गुण मिळतात तो निसटणार, हे उघड आहे. तेहेतीस वर्षांचा, सडसडीत, शेतात राबणारा, आई-वडिलांची कधी तपासणीच न झाल्यामुळे ‘घरात कोणाला नाही’ असे सांगणारा तरुण घ्या. त्याचे गुण शून्य. त्याचे काय, हा प्रश्न घेऊन आपल्याला पुण्याला जावे लागते.

बारीक दिसणारा, आतून स्थूल

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घकाळ या प्रश्नाचा पाठपुरावा केला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा होता, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. तराजू दोघांना सारखे म्हणत होता; शरीर दुपटीहून अधिक फरक सांगत होते. युरोपीय शरीरावरून ठरलेले माप आपल्या शरीराला लावले, तर ते आपल्याला निरोगी ठरवते. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची रेषा २५ वरून २३ वर आणली, त्यामागे हेच कारण होते.

हा फरक कुठून येतो? १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यायचा, असे त्याचे स्वरूप. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी तुलना केली तेव्हा दिसले की, आपल्याकडील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडचे ३.५ किलो. आपले बाळ लहान, त्याचे स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. ‘कृश-स्थूल’ बाळ असे त्याचे वर्णन झाले.

हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांची रक्तशर्करा मर्यादेबाहेर होती. आणि याच मुलांपैकी जवळजवळ निम्मी कमी वजनाची होती! ज्यांची साखर अठराव्या वर्षी अधिक निघाली, त्यांची ती सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा वरच होती. त्यांच्या मातांची गरोदरपणातील साखरही तुलनेने अधिक होती. म्हणजे ज्या तरुणाला आपण ‘काडीसारखा आहे, याला कसला मधुमेह’ म्हणतो, त्याची कथा त्याच्या जन्माआधी सुरू झालेली असू शकते.

ढिगातून प्रती लावाव्यात तसे

आता गणिताचे दुसरे रूप. आपल्या बाजार समितीत कांदा येतो. व्यापारी ढिगावर नजर टाकतो आणि मोठा, मध्यम, गोल्टी अशा प्रती लावतो. आकार, रंग, ओल, पत्ती अशा अनेक गोष्टी तो एकदम पाहतो, आणि जे एकमेकांच्या जवळचे ते एका ढिगात टाकतो. संख्याशास्त्रात याला समूहीकरण म्हणतात. यात आधीपासून नावे ठरलेली नसतात. कोण कोणाच्या किती जवळ आहे, यावरून गट आपोआप उभे राहतात.

अनेक मापे एकत्र धरून दोघांमधले ‘अंतर’ कसे मोजायचे, या प्रश्नाच्या उत्तरात भारताचा मोठा वाटा आहे. १९२० साली नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनान्डेल यांच्याशी भेट झाली आणि कोलकात्यातील लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या वाटेने पुढे जे ‘महालनोबिस अंतर’ १९३६ साली सिद्ध झाले, ते आज जगभर वापरले जाते. याच परंपरेत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे येतात. आहाराची गरज माणसागणिक आणि एकाच माणसाच्या बाबतीत दिवसागणिक बदलते, एकच ठोकळ आकडा सर्वांना लावता येत नाही, हे त्यांनी जागतिक पातळीवर आग्रहाने मांडले.

मधुमेहाच्या बाबतीत समूहीकरणाचा गाजलेला प्रयोग २०१८ साली स्वीडनमध्ये झाला. त्यात नेमके महालनोबिसांचेच सूत्र वापरले असे मी म्हणत नाही. पण विचार त्याच कुळातला. नव्याने निदान झालेल्या ८,९८० रुग्णांचे निदानाचे वय, शरीरभार, तीन महिन्यांची सरासरी साखर, इन्सुलिन निर्माण करण्याची शक्ती, इन्सुलिनला शरीराचा होणारा विरोध आणि स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिद्रव्ये अशी सहा मापे घेतली गेली. गट पाच निघाले. सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्क्यांचा, उतारवयातल्या सौम्य मधुमेहाचा. स्थूलतेशी निगडित सौम्य गट सुमारे २२ टक्के. इन्सुलिनच कमी पडणारा तीव्र गट साडेसतरा टक्के.

मग पुण्याच्या संशोधकांनी स्वीडिश सहकाऱ्यांसह हीच रीत आपल्याकडील, पंचेचाळीस वर्षांच्या आत मधुमेह झालेल्या रुग्णांना लावली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इन्सुलिन कमी पडणाऱ्यांचा गट निम्म्याहून अधिक निघाला. दोन्हीकडची वये निराळी असल्याने आकडे सरळ शेजारी ठेवून चालणार नाही. तरी चित्राची दिशा स्पष्ट आहे. आपला तरुण मधुमेही पुष्कळदा खाऊन लठ्ठ झालेला नसतो. त्याचे इन्सुलिनच मुळात तोकडे असते. त्याआधी २०२० साली चेन्नईच्या संशोधकांनी १९,०८४ भारतीय रुग्णांवर स्वतंत्रपणे समूहीकरण केले, तेव्हा चार गट निघाले आणि त्यांतले दोन स्वीडनच्या यादीत नव्हतेच. सूत्र तेच, माणसे आपली. उत्तर निराळे आले.

यादीतून गेलेला रोगी

माप कोणाचे, या प्रश्नाला किती किंमत असते, याचे एक उदाहरण सांगतो. कुपोषित, कृश तरुणांना होणारा मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदला होता. १९९९ साली पुराव्याअभावी तो यादीतून वगळला गेला. रुग्ण मात्र कुठेच गेले नव्हते. ते येत राहिले आणि ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ अशा कुठल्यातरी खणात बसवले गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर काटेकोर मोजमाप करून २०२२ साली दाखवून दिले की, या रुग्णांत इन्सुलिन कमी असते, पण शरीर इन्सुलिनला विरोध करीत नाही. म्हणजे तो खरोखर निराळा आहे. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली.

यातून धडा काय घ्यायचा? आमचे ऐकले नाही, अशी तक्रार करून तो प्रकार यादीत परत आला नाही. तो मोजमापाने परत आला. स्वत्व घोषणेने सिद्ध होत नाही, ते नोंदवहीने सिद्ध होते.

आपल्या ताटाचा प्रश्न

एक मुद्दा इथे बसलेल्या अनेक कुटुंबांच्या ताटाशी संबंधित आहे, आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. २००६ साली पुण्यात ४४१ पुरुषांच्या रक्तातील ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमतरता ग्रामीण भागात ६८ टक्के, झोपडवस्तीत ५१ टक्के आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. सुस्थितीतला वर्ग सर्वांत मागे! शाकाहारींमध्ये कमतरतेचे गुणोत्तर ४.४ निघाले आणि त्याची विश्वासमर्यादा २.१ ते ९.४ होती. या गुणोत्तराचा अर्थ नीट घ्यावा. समजा, एका गटात शंभरात ४० जणांना कमतरता आहे; तर दुसऱ्यात ती ४० गुणिले ४.४, म्हणजे १७६ जणांना असणार नाही, कारण शंभरात १७६ असूच शकत नाहीत. ‘असण्याचे नसण्याशी’ प्रमाण ४.४ पट होते, आणि तो आकडा ७५ च्या आसपास येतो. वर्तमानपत्रात ‘चौपट धोका’ असे वाचले की एवढे स्मरावे.

याचा मधुमेहाशी संबंध मातेच्या द्वारे येतो. पुण्याजवळच्या त्याच सहा गावांत २००८ साली असे आढळले की, गरोदरपणी ज्या मातांचे ब-१२ कमी आणि फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण झाली, असे शास्त्र मानत नाही. म्हणूनच २०१२ पासून त्याच मुलामुलींना, ती स्वतः माता-पिता होण्यापूर्वी, ब-१२ देऊन प्रत्यक्ष प्रयोग करण्यात आला.

शाकाहार सोडा, असा याचा अर्थ नाही. शाकाहार ही अनेकांची श्रद्धा आहे आणि तिचा मान राखून उपाय करता येतो. दूध, दही, ताक ताटात नियमाने असावे. मुलीच्या लग्नाआधी, सुनेच्या गरोदरपणी ब-१२ तपासावे. कमी निघाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. घरात दूध येते ते प्रथम मुलग्याच्या पेल्यात आणि उरले तर मुलीच्या, ही रीत मात्र सोडावी लागेल. उद्याच्या पिढीचे स्वादुपिंड आजच्या मुलीच्या पेल्यात घडते आहे.

आपण काय करावे

सेवाकार्यात असलेल्या कार्यकर्त्यांसाठी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, फीत हाती घ्या. नवरात्रात दाक्षायणी देवीच्या दर्शनाला गावोगावचे लोक येतात, सोसायटीच्या सभा होतात, शाळांत पालक जमतात. तिथे कमरेचा घेर आणि चार प्रश्न, एवढी नोंद दोन मिनिटांत होते. साठ गुणांच्या वरच्याला तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नुसते पाठवू नका, सोबत जा.

दुसरी, कृशाला विसरू नका. तरुण, सडपातळ माणसाला वारंवार तहान, वारंवार लघवी, कारण नसता वजन घटणे, न भरणारी जखम यांपैकी काही असेल तर गुणांक बाजूला ठेवा आणि रक्त तपासा. मधुमेह निघाला तर ‘वजन कमी कर’ हा स्थूलाचा सल्ला त्याला देऊ नका. त्याचे इन्सुलिन किती आहे हे वैद्यकीय तज्ज्ञाला पाहू द्या. आणि एक स्पष्ट सांगतो. माझे व्याख्यान ऐकून कोणीही आपले औषध वा इन्सुलिन बंद करू नये किंवा बदलू नये.

तिसरी, नोंद खरी ठेवा. फीत सैल धरून घेर कमी लिहिला, वय अंदाजाने टाकले, नको वाटणारा आकडा गाळला, तर त्यावर उभारलेले थोर गणितही खोटेच बोलेल. जन्मवजन, मातेची गरोदरपणातील साखर, मुलांची उंची-वजन यांची एक वही प्रत्येक घरी असावी. आपण जमाखर्चाची वही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो; शरीराची वही एक पिढीही सांभाळत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांतील सामान्य शेतकरी कुटुंबांनी १९९३ पासून आपली मुले मोजू दिली, रक्त देऊ दिले, वर्षानुवर्षे बोलावल्यावर येत राहिली. त्यांच्यापैकी कोणाचे नाव पुस्तकात येणार नाही. पण जगभरच्या वैद्यकाने भारतीय शरीराकडे पाहण्याची दृष्टी बदलली, ती त्यांच्या या चिकाटीमुळे. राष्ट्रकार्य म्हणतात ते याहून वेगळे नसते. तसे एक गाव लासूर परिसरात उभे राहिले, तर मराठवाड्याच्या शरीराचे माप पुण्याकडून वा चेन्नईकडून उसने घ्यावे लागणार नाही.